‘दिल्ली क्राइम’ : मालिका अटकेवर संपते, खटला तिथून सुरू होतो

नवी दिल्ली : कॅनॉट प्लेसहून निघणारा कस्तुरबा गांधी मार्ग इंडिया गेटच्या परिसरात पोहोचतो. डिसेंबर २०१२ मध्ये याच परिसरात कडाक्याच्या थंडीत, पाण्याचे फवारे झेलत हजारो तरुण-तरुणी न्यायाची मागणी करीत उभे होते. त्या दिवसांतील पोलीस तपासावर आधारित ‘दिल्ली क्राइम’ ही मालिका २२ मार्च २०१९ रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाली. सात भागांच्या पहिल्या पर्वाचा शेवट प्रेक्षकांना आधीच ठाऊक होता. तरीही अखेरच्या भागापर्यंत उत्कंठा टिकून राहते.

उत्कंठा कशाची?

रहस्यकथेत सहसा ‘गुन्हेगार कोण’ हा प्रश्न शेवटपर्यंत राखून ठेवला जातो. दिग्दर्शक रिची मेहता यांनी तो बाजूला ठेवला आणि प्रत्यक्ष अत्याचाराचे चित्रणही टाळले. रस्त्यावरचा संताप, अपुरे मनुष्यबळ आणि हातून निसटणारा वेळ यांत तपास तडीस जाईल का, हा या मालिकेचा प्रश्न आहे. शेफाली शाह यांनी साकारलेली पोलीस उपायुक्त वर्तिका चतुर्वेदी ही व्यक्तिरेखा दक्षिण दिल्लीच्या तत्कालीन उपायुक्त छाया शर्मा यांच्यावरून प्रेरित आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.

कबुली म्हणजे पुरावा नव्हे

मालिकेत बसचालक पोलिसांसमोर गुन्ह्याची कबुली देतो. शिवाजी साटम यांच्या ‘सीआयडी’च्या दीड हजारांहून अधिक भागांवर वाढलेल्या प्रेक्षकाला अशी कबुली म्हणजे प्रकरणाचा निकालच वाटतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. तत्कालीन भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ती कायम आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य ठरतो. कोठडीतील मारहाणीने वदवून घेतलेल्या जबाबावर कोणाला शिक्षा होऊ नये, हा यामागील हेतू आहे.

म्हणूनच प्रत्यक्ष खटला कबुलीवर नव्हे, तर इतर पुराव्यांवर उभा राहिला. पीडितेचे तीन मृत्युपूर्व जबाब, तिच्या जखमी मित्राची साक्ष, महिपालपूर येथील हॉटेलच्या कॅमेऱ्यात दिसलेली बस, डीएनए चाचण्या आणि दातांच्या ठशांची तपासणी असे दुवे एकमेकांशी जुळत गेले. मृत्युपूर्व जबाबांपैकी शेवटचा तर पीडितेने बोलता येत नसताना खुणांनी आणि लिहून दिला होता.

पडद्यापलीकडची सात वर्षे

सहाही संशयित घटनेनंतर आठवड्याच्या आत पकडले गेले. ३ जानेवारी २०१३ रोजी आरोपपत्र दाखल झाले. एका आरोपीचा मार्चमध्ये तिहार तुरुंगात मृत्यू झाला. अल्पवयीन आरोपीला बाल न्याय मंडळाने तीन वर्षांसाठी सुधारगृहात पाठवले. उर्वरित चौघांना साकेत येथील जलदगती न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१३ रोजी फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने ती मार्च २०१४ मध्ये, तर सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ रोजी कायम केली. त्यानंतरही पुनर्विचार याचिका, उपचारात्मक याचिका आणि राष्ट्रपतींकडे दयेचे अर्ज हे टप्पे बाकी होते.

मालिका प्रदर्शित झाली, तेव्हा चौघेही तुरुंगातच होते. शिक्षेची अंमलबजावणी २० मार्च २०२० रोजी पहाटे झाली, म्हणजे घटनेनंतर सव्वासात वर्षांनी.

पडद्यावरच्या अखेरच्या अटकेने प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटते. पीडितेच्या आई-वडिलांसाठी ती न्यायालयाच्या पहिल्या तारखेपूर्वीची गोष्ट होती.