ज्वारीच्या दाण्याएवढा श्वास

सिग्नलला थांबलं की जुनी गाडी थरथरायला लागते. स्टिअरिंग हातात कापतं, आरशातली मागची बस धूसर होते, रेस मध्येच पडते आणि इंजिन बंद पडेल या भीतीनं पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नाही. हिरवा दिवा लागतो, गाडी वेग घेते आणि तीच गाडी लोण्यासारखी पळू लागते. पळताना ठणठणीत आणि उभ्या जागी आजारी! मला हे फार वर्षं उलटंच वाटायचं. इंजिनाच्या आत डोकावल्यावर कळलं, की इंजिनाला सर्वांत अवघड जातं ते नुसतं उभं राहणंच.

प्रीमियर पद्मिनीचं उदाहरण घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि मुंबईनं शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हटलेली ही गाडी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती रस्त्यावर उरली नाही. पण हौसेनं सांभाळलेल्या पद्मिनी अजून आहेत, आणि तिचं बॉनेट उघडलं की जे काही आहे ते डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. चार सिलिंडर, १०८९ सीसी. गाडी उभी असताना क्रँक मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतो. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे चौघांच्या मिळून मिनिटाला १६०० ठिणग्या, सेकंदाला सत्तावीसच्या आसपास. आपण सिग्नलवर निवांत बसलेलो असतो तेव्हा आत हे चालू असतं.

पण खरी नवलाई हवेची आहे. पाय उचलला की कार्बोरेटरमधली थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटते. पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात. बाहेर हवेचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर इतका, आणि पाकळीपलीकडे मॅनिफोल्डमध्ये उरतो जेमतेम पंचवीस-तीस सेंटिमीटरचा. दाबात इतका फरक पडला की भौतिकशास्त्राचा एक विलक्षण नियम लागू होतो: फटीतून आत घुसणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि तिथेच अडते. आतली पोकळी आणखी वाढली तरी त्या फटीतून जास्त हवा येऊ शकत नाही. पद्मिनीच्या त्या साध्या बॉनेटखाली, सिग्नलला उभ्या उभ्या, हवा सेकंदाला तीनशे मीटरहून अधिक वेगानं शिट्टी घालत असते!

आता हिशेब मांडून पाहा. अशा इंजिनाला या वेळी सेकंदाला अडीच लिटरच्या आसपास हवा लागते. ध्वनीच्या वेगानं एवढी हवा यायला वाट केवढी हवी? चार-साडेचार मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढी. ज्वारीचा एक दाणा. ते अख्खं लोखंडी धूड ज्वारीच्या दाण्याएवढ्या नाकपुडीतून श्वास घेत असतं.

आणि म्हणूनच मॅनिफोल्डच्या पॅकिंगला कुठे दोन मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढी फट पडली, की इंजिनाच्या श्वासात एकदम चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी आगंतुक हवा मिसळते. या हवेसोबत पेट्रोल येत नाही. एक भाग पेट्रोलला वजनानं पंधराच्या जवळपास भाग हवा, हे गणित बिघडतं. त्यात मंद चालताना सिलिंडरमध्ये आधीच्या जळालेल्या वायूचाही बराच वाटा मागे राहिलेला असतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी मिश्रण पेट घेईलच असं नाही. रस्त्यावर मात्र थ्रॉटल उघडतो, वाट कितीतरी पटींनी मोठी होते, आतली पोकळीही कमी होते आणि ती दोन मिलिमीटरची फट कुणाच्या खिजगणतीत राहत नाही. सिग्नलवरचं कोडं इथे सुटतं. निदानाचा पहिला धागाही इथेच हाती लागतो: गाडी फक्त उभी असताना बिघडते, की पळतानाही मिसिंग करते? पळतानाही करत असेल, तर प्लग, पॉइंट, पेट्रोलचा पुरवठा आणि वाल्व्हकडे वळावं. फक्त उभ्या जागी त्रास असेल, तर आधी हवेची चोरवाट शोधावी.

दुसरा धागा कानाला लागतो. एकच सिलिंडर मेलेला असेल तर हिसका एका ठरावीक लयीत येतो, सेकंदाला सहा-सात वेळा, ढोलाच्या टिपरीसारखा. सगळ्यांच्याच वाट्याला हवा जास्त जात असेल तर लय सापडत नाही. इंजिन कधी इथे, कधी तिथे ठेचकाळतं. कान तयार असलेले जुने मिस्त्री बॉनेट उघडण्याआधीच अर्धं निदान करतात ते याच फरकावर. मग ते रबरी नळीचा तुकडा एका कानाला लावतात आणि दुसरं टोक पॅकिंगच्या कडेनं फिरवतात. चोरवाटेपाशी नळी आली की बारीक सुस्कारा ऐकू येतो. मला ही पद्धत फार आवडते, आणि ती सुरक्षितही आहे. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून फट शोधणारे लोक आगीशी खेळत असतात. नळीची पद्धत वापरताना फक्त पंखा आणि पट्ट्यापासून हात आणि नळी दूर ठेवायची.

चोरवाटांच्या जागाही ओळखीच्या. तडकलेली व्हॅक्युमची नळी. कार्बोरेटरखालचं पॅकिंग. नट जोर लावून आवळल्यानं वाकलेला कार्बोरेटरचा पाया. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो घासून सरळ करता येतो. आणि सर्वांत फसवा तो थ्रॉटलचा घासलेला स्पिंडल. वर्षानुवर्षं फिरून त्याचं भोक मोठं होतं, बाजूनं हवा शिरते आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी रेस रोज वेगळी लागते. त्यावर इलाज लेथवाल्याकडून पितळी बुश बसवून घेणं.

चोरवाट नसेलच, तर पेट्रोलच्या वाटेकडे पाहायचं. मंद चालीला पेट्रोल मुख्य नोझलमधून येतच नाही, कारण तिथून ते ओढण्याइतका हवेचा झोत नसतो. त्यासाठी वेगळा छोटा जेट असतो, त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. टाकीतल्या गंजाचा एक कण त्याला पुरतो. तो कण हवेनं फुंकून काढावा. तार घालून छिद्र रुंद करू नये.

पद्मिनीनंतरच्या एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमानं पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांत ठेचकाळण्याऐवजी वेगळंच दृश्य दिसतं: रेस आपोआप वर जाते, पडते, पुन्हा वर जाते. चोरवाटेच्या हवेनं फेरे वाढतात. पाय तर उचललेला. संगणकाला वाटतं गाडी उतारावर आहे, तो पेट्रोल तोडतो. फेरे पडतात, घाबरून तो पुन्हा सोडतो. वाफेच्या इंजिनांचे नियंत्रकही असेच वरखाली झुलत. असे हेलकावे कधी विरतात आणि कधी वाढत जातात, याचं गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेलनं १८६८ साली मांडलं. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहर, हे सांगणारा तोच मॅक्सवेल. सिग्नलवर झुलणारी गाडी त्याचंच गणित गिरवत असते.

तुमच्याकडे पद्मिनीसारखी कार्बोरेटरची जुनी गाडी असेल, तर एकच विनंती. मिश्रणाच्या स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावा, आणि लावाल तेव्हा इंजिन बंद असताना तो आधी हलकेच आत टेकवून फेरे मोजा, कागदावर लिहून ठेवा, मग तेवढेच फेरे परत बाहेर काढून कामाला लागा. टेकवताना जोर लावू नका. त्याचं सुईसारखं टोक एकदा चेपलं, की मूळ जागी आणूनही गाडी पूर्वीसारखी लागत नाही.