कोळसा विदर्भाचा, कोक परका

भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावाहून तुमसर तालुका फार लांब नाही. तिथल्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींतलं मँगनीज पोलादात जातं. पण त्याआधी खनिजातला ऑक्सिजन काढायला भट्टीत कोक लागतो. शेजारच्या चंद्रपुरात कोळसा चिक्कार. तिथली वरोऱ्याची सरकारी खाण तर 1870च्या दशकातली. मग कोक झारखंडातल्या झरियाचा कशाला?

कारण प्रत्येक कोळशाचा कोक होत नाही. बंद भट्टीत, हवेविना, हजारेक अंशांवर तापवला की झरियाचा कोळसा आधी मऊ पडतो, फुगतो, वायू नि डांबर सोडतो आणि सच्छिद्र, टणक ढेप होऊन बसतो. चंद्रपूरचा, म्हणजे वर्धा खोऱ्यातला, कोळसा मऊच पडत नाही. नुसता भुगा उरतो. वीज करायला मात्र तो झकास!