एक बाग, दोन पोटे

समजा, शाळेच्या बागेत चार कोंबड्या आहेत आणि एका पालकांनी सशांची जोडी आणून दिली. खुराडे तयारच आहे. 'सर, ससे तिथेच ठेवू या ना!' असे मुले म्हणणारच. दोघेही हिरवा पाला खातात, दोघांपासून खत मिळते. मग अडचण कोठे आहे? ती शोधण्यासाठी आधी दोघांच्या पोटात डोकावले पाहिजे.

कोंबडीला दात नसतात. टिपलेले दाणे गळ्याच्या पिशवीत भिजतात आणि पेषणी या मांसल पोटात, गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीने भरडले जातात. दाणे, किडे असे थोडक्यात पुष्कळ पोषण देणारे अन्न तिला मानवते.

ससा मात्र गवतावर जगणारा. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावताना झिजतात. त्याच्या लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते. तेथील जिवाणू चारा आंबवतात व जीवनसत्त्वे, प्रथिने तयार करतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून अंधांत्रातून आलेल्या मऊ लेंड्या ससा बाहेर पडतानाच तोंडाने घेऊन गिळतो. आपल्याला दिसतात त्या फक्त कोरड्या, कडक लेंड्या.

आता अशा सशाने कोंबडीचे खाद्य खाल्ले तर? त्यात पिष्ट भरपूर आणि तंतू कमी. त्यामुळे अंधांत्रातील जिवाणूंचा समतोल बिघडतो, अपायकारक जिवाणू माजतात आणि हगवणीने ससा दगावू शकतो. शिवाय अंड्यांच्या कवचासाठी या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते. सशाला १ टक्काही लागत नाही. जादा कॅल्शियम तो लघवीवाटे टाकतो आणि त्यातून मूतखडे होऊ शकतात. कोंबड्यांच्या काही खाद्यांत मिसळलेली औषधेही सशांना विषारी ठरतात.

दुसरा प्रश्न रोगांचा. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीचे परजीवी सशांना लागत नाहीत. सशांचे परजीवी निराळ्या जातींचे असतात. पण पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूचे तसे नाही. निरोगी दिसणाऱ्या सशाच्या नाकातही तो असू शकतो आणि कोंबड्यांचा कॉलरा हा रोगही त्याच्यामुळेच होतो. त्याचे सर्व वाण दोघांना सारखेच घातक नसतात, तरी धोका खराच.

याला इतिहासाची साक्ष आहे. ऑस्ट्रेलियात सशांनी उच्छाद मांडला तेव्हा न्यू साउथ वेल्स सरकारने १८८७ साली त्यांच्या बंदोबस्तासाठी २५,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. लुई पाश्चर यांनी उपाय सुचवला तो कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा! १८८८ साली सिडनीजवळच्या रॉड बेटावर चाचण्या झाल्या. जंतू मिसळलेले अन्न खाणारे ससे मेले, पण रोग एका सशाकडून दुसऱ्याकडे पुरेसा पसरेना. शिवाय कोंबड्यांना व इतर पक्ष्यांना धोका होता. योजना नाकारली गेली.

मग बागेत दोघांना ठेवूच नये का? ठेवावे, पण छप्पर आणि खाद्याचे भांडे वेगळे असावे. कोंबड्या रात्री उंच दांडीवर बसतात. खाली ससे असतील तर विष्ठा त्यांच्यावर पडेल आणि अमोनियाने त्यांच्या नाका-डोळ्यांची आग होईल. नव्या प्राण्यांना पहिले दोन आठवडे दूर ठेवावे. मोकळी जागा पाळीपाळीने द्यावी: दिवसा कोंबड्यांना, आणि त्या खुराड्यात शिरल्या की संध्याकाळी देखरेखीखाली सशांना. सशांची चपळाई पहाटे व संध्याकाळीच असते, त्यामुळे ही वाटणी दोघांच्या स्वभावाला धरून आहे. सशांना गवत भरपूर आणि सावली दाट हवी. आपला उन्हाळा त्यांना सोसत नाही.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग: सशाची कोरडी लेंडी पाण्यात विरघळवून भिंगाखाली तंतू पाहा. मग कोंबडीच्या विष्ठेवरचा पांढरा भाग पाहा. ते यूरिक आम्ल, म्हणजे तिची लघवीच. नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. खुराड्याबाबत काय ठरवायचे, हे त्यानंतर मुलांनाच विचारा.