बाबू गेनू: काळबादेवीच्या ट्रकआधी वडाळ्याचं मिठागर! २२ वर्षांच्या गिरणी कामगाराची गोष्ट नेमकी काय?

हार्बर लाइनने वडाळा रोडला उतरून पूर्वेकडे निघालात, तर आज मोनोरेलचा मार्ग दिसतो, ट्रक टर्मिनल दिसतं आणि नव्याने उभे राहणारे टॉवर दिसतात. १९३० च्या उन्हाळ्यात मुंबईच्या चाळींमधून हजारो माणसं याच वडाळ्याकडे चालत आली होती, मीठ लुटायला.

त्यांच्यात एक तरुण गिरणी कामगार होता, बाबू गेनू सैद. त्याच वर्षी १२ डिसेंबरला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवं होऊन त्यांनी प्राण दिले. ती घटना आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण ट्रकसमोर झोपण्याची तयारी एका दिवसात झालेली नव्हती. तिची सुरुवात वडाळ्यात झाली होती. हा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही.

बाबू गेनू कोण होते?

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं म्हाळुंगे पडवळ हे त्यांचं गाव. जन्म १९०८ चा. घरची परिस्थिती हलाखीची. घाटावरची असंख्य माणसं ज्या कारणासाठी मुंबईत आली, त्याच कारणासाठी तेही आले आणि कापड गिरणीत कामाला लागले.

तो काळ गिरणगावासाठी सोपा नव्हता. १९२८ मध्ये सुमारे सहा महिने चाललेल्या संपात जवळपास दीड लाख कामगार उतरले होते. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये गिरणी कामगार युनियनचे श्रीपाद अमृत डांगे यांच्यासह अनेक नेते मीरत कट खटल्यात पकडले गेले. त्यामुळे १९३० मध्ये काँग्रेसने कायदेभंग पुकारला, तेव्हा ‘ही शेटजींची चळवळ, आपलं काय?’ असा प्रश्न गिरणगावात होताच. अशा वेळी एक साधा कामगार या चळवळीत उतरतो, ही गोष्ट म्हणूनच वेगळी ठरते.

मीठच का?

१८८२ च्या कायद्याने मिठाचं उत्पादन आणि विक्री सरकारच्या ताब्यात होती. १९३० मध्ये मिठावरचा कर होता मणामागे सव्वा रुपया, म्हणजे २० आणे. त्या वेळचा सरकारी मण म्हणजे सुमारे ३७ किलो.

आता साधा हिशेब करून पाहू. एका माणसाला वर्षाला पाच-सहा किलो मीठ लागतं असं धरलं, तर पाच जणांच्या घराला २५ ते ३० किलो. म्हणजे एका कुटुंबाचा कर वर्षाला साधारण १४ ते १६ आणे, जवळपास एक रुपया.

रक्कम लहान वाटते ना? पण हा कर टाळताच येत नव्हता. बंगल्यातला शेठ आणि चाळीतला कामगार, दोघांनाही मीठ तेवढंच लागतं आणि करही तेवढाच. शेठजींना तो जाणवत नव्हता, कामगाराला जाणवत होता. चळवळ शेटजींची वाटली, तरी हा प्रश्न चाळीतला होता.

वडाळ्यातच धाड का?

१२ मार्चला साबरमतीहून निघालेल्या गांधीजींनी ६ एप्रिलला दांडीत मीठ उचललं. ५ मेच्या पहाटे त्यांना अटक झाली. त्यानंतर चळवळीचा पुढचा टप्पा सुरू झाला. आता केवळ चिमूटभर मीठ तयार करायचं नव्हतं, तर थेट सरकारी आगारांवर चालून जायचं होतं. गुजरातमध्ये धारासणा आणि मुंबईत वडाळा ही त्याची ठळक ठिकाणं.

वडाळ्याला मिठागरं होती ती खाडीमुळे. मिठागराचं तंत्र सोपं आहे. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं आणि उन्हात आटवत एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सोडायचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरायला लागतं. मग ते ओढून त्याच्या राशी लावायच्या. हे सगळं पावसाआधी उरकावं लागतं.

म्हणजे मे महिन्यात मीठ तयार झालेलं असतं आणि जूनच्या पावसाने हंगाम संपतो. वडाळ्याच्या धाडी नेमक्या या दिवसांत झाल्या.

नेमकं काय घडलं?

मेच्या उत्तरार्धात स्वयंसेवकांच्या तुकड्या एकामागून एक येत राहिल्या. २२ मे रोजी १८८ जणांना पकडून वरळीच्या छावणीत नेण्यात आलं. लाठीमार होत होता, तरी दुसऱ्या दिवशी नवी तुकडी हजर असायची.

सर्वात मोठी धाड पडली १ जूनला. स्वयंसेवक आणि बघे मिळून सुमारे १५ हजार लोक जमल्याची नोंद काँग्रेसच्या इतिहासात आहे. पोर्ट ट्रस्ट रेल्वेच्या फाटकाजवळ पोलिसांनी कडं केलं होतं. ते तोडून माणसं चिखल तुडवत मिठागरात शिरली. त्यात बायका होत्या, मुलंही होती. हाताला लागेल तेवढं मीठ उचलायचं आणि लाठ्या खायच्या, पण हात उगारायचा नाही, असा हा प्रकार होता.

धारासणाला वेब मिलर हा अमेरिकी वार्ताहर हजर होता. त्याच्या बातमीमुळे तिथला लाठीमार जगभर पोहोचला. वडाळ्याच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी आली नाही.

वडाळ्याच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल बाबू गेनू यांना अटक झाली आणि येरवड्याच्या तुरुंगात सक्तमजुरी भोगावी लागली. रोजावर पोट असलेल्या माणसासाठी तुरुंग म्हणजे बुडालेली मजुरी. सुटल्यावर गप्प बसायला त्यांच्याकडे पुरेशी कारणं होती. तरीही ते परत चळवळीत आले.

१२ डिसेंबर १९३०: काळबादेवीत काय झालं?

तोवर परदेशी कापडावरच्या बहिष्काराने जोर धरला होता. मुंबईतल्या कापड बाजाराचं केंद्र होतं काळबादेवी. तिथल्या जुन्या हनुमान गल्लीतून परदेशी कापडाचा माल ट्रकने पोलीस बंदोबस्तात बाहेर काढला जाणार होता. निदर्शक रस्त्यात उभे राहिले. काही जण ट्रकसमोर आडवे झाले. बाबू गेनू त्यांच्यात होते. ट्रक थांबला नाही.

सरकारच्या बाजूने हा अपघात असल्याचं सांगण्यात आलं. मुंबईने ते मान्य केलं नाही. बाबू गेनू तेव्हा फक्त २२ वर्षांचे होते.

वडाळ्यात समोर लाठ्या होत्या, काळबादेवीत ट्रक. पण पद्धत एकच होती. आपण मारायचं नाही आणि बाजूलाही व्हायचं नाही. वडाळ्यात एकदा हे करून, त्याची किंमत मोजून आलेला माणूस काळबादेवीत पुन्हा तेच करत होता. म्हणूनच ट्रकसमोर आडवं होणं हा केवळ त्या क्षणाचा आवेश म्हणता येत नाही.

पुढे काय झालं?

मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यालगतच्या गावकऱ्यांना घरगुती वापरासाठी मीठ गोळा करायची सवलत मिळाली. मिठावरचा कर मात्र १९४७ मध्ये, हंगामी सरकारच्या काळात रद्द झाला.

१२ डिसेंबर हा दिवस काही संघटना ‘स्वदेशी दिन’ म्हणून पाळतात. काळबादेवीत बाबू गेनूंच्या नावाचा रस्ता आहे. माझगावात पालिकेची बाबू गेनू मंडईची इमारत होती. २७ सप्टेंबर २०१३ रोजी ती कोसळली आणि ६१ जणांचा जीव गेला. मृतांमध्ये पालिका कर्मचाऱ्यांची कुटुंबं होती. एका कामगाराचं नाव दिलेल्या इमारतीखाली कामगारांचीच घरं गाडली गेली.

आज हे का वाचायचं?

त्या पिढीच्या बहुतेक मोठ्या नेत्यांची भाषणं, पत्रं, आत्मचरित्रं आपल्याकडे आहेत. बाबू गेनूंच्या नावावर ग्रंथ नाही, गाजलेलं भाषण नाही. त्यांचं चरित्र दोन ठिकाणांत मावतं, वडाळा आणि काळबादेवी. त्यातलं एक गाळलं की ते फक्त एका अपघाताचे बळी वाटू लागतात. दोन्ही एकत्र ठेवली की समजून-उमजून दोनदा उभा राहिलेला माणूस दिसतो.

काळबादेवीत निदान त्यांच्या नावाची पाटी आहे. वडाळा रोडला पुढच्या वेळी उतराल, तेव्हा १९३० च्या उन्हाळ्यातली ती गर्दी आठवून पाहा. तिच्यातला एक जण गिरणीतला खाडा पत्करून आला होता.