काटा मोडला की काय होतं?

पायात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी जागा लाल होते, ठणकते, मग पू धरते. तो पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिल नावाच्या या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर येतात, जंतू गिळतात आणि पोटातल्या जहाल रसायनांनी त्यांना मारतात.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी काट्यांभोवती पेशींचा गराडा पडला होता. किती साधा प्रयोग! १९०८ मध्ये पाउल एर्लिश यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं.

पण पांढऱ्या पेशींची ही रसायनं आपलं-परकं पाहत नाहीत. आमवातात सांध्यातली कूर्चा खाणाऱ्यांत पांढऱ्या पेशीही असतात. धमनीच्या भिंतीत मॅक्रोफेज नावाच्या गिळणाऱ्या पेशी कोलेस्टेरॉल गिळून फुगतात आणि तिथेच साचतात. हृदयविकाराचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. शिवाय गिळलेला प्रत्येक जंतू मरतोच असं नाही. क्षयाचा जंतू तर फारच चिवट. मॅक्रोफेज त्याला गिळते, पण पचवू शकत नाही. तो तिच्याच पोटात वर्षानुवर्षं दबा धरून बसतो.

रक्ताच्या रिपोर्टमधला ‘डब्ल्यूबीसी’ हा रक्तातल्या सगळ्या पांढऱ्या पेशींचा आकडा: प्रौढांत दर मायक्रोलिटरला साधारण ४,००० ते ११,०००.