टप काढले की काय होते?

बुटाचे रिकामे खोके घ्या. झाकण चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन टोके धरून खोके पिळून पाहा. आता झाकण काढून पुन्हा पिळा. खोके सहज वाकडे होते, नाही का?

मोटारगाडीचेही तसेच आहे. १९६४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फोर्ड कंपनीने ‘मस्टँग’ गाडी बाजारात आणली. तिला स्वतंत्र चासी नव्हती. पत्र्याचे भाग जोडून झालेली पेटीच सारा भार पेलत असे. कापडी, घडीच्या टपाची मस्टँगही निघाली. पोलादी टप गेल्याने येणारा दुबळेपणा भरून काढण्यासाठी तिच्या दरवाजांखालच्या पोकळ तुळया अधिक मजबूत केल्या होत्या.

पण पाणी आणि चिखल साचून गंज चढतो तो नेमका तेथेच! म्हणून अशी जुनी गाडी नवा रंग लेऊन विक्रीला येते, तेव्हा जाणकार ग्राहक चकाकीला भुलत नाही. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक तो पत्र्यावरून फिरवतो. पोलादाकडे ते ओढले जाते. गंजाची भोके पुट्टीने बुजवली असतील तेथे ओढ जाणवत नाही. मग तो दरवाजांच्या फटी न्याहाळतो. गाडी मध्ये खचली असेल, तर फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसते. अपघातात प्रवाशांना वाचवते ती तुळई, पुट्टी नव्हे!

आता सांगा : झाकणाशिवाय तुमचे खोके ताठ राहावे म्हणून पुठ्ठ्याच्या पट्ट्या तुम्ही कोठे चिकटवाल? करून पाहा.