ऊस तुटून चौदा दिवस झाले, पैसे कुठायत?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांचा डेटा पॅक संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, दोन ठिकाणी आकडे नीट मांडलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

हा भाग एका भांडणातून सुरू झाला. ऑफिसमधला एक मित्र कोल्हापूरला निघाला होता आणि शेतकऱ्यांच्या रास्ता रोकोत हायवेवर अडकला. सोमवारी जेवताना म्हणाला, "या संघटना रस्ता अडवण्यापलीकडे करतात काय रे?" मी काहीतरी तावातावाने बोललो, पण खरं सांगायचं तर मलाही धड उत्तर देता आलं नाही. माझ्या मामाचा सांगली जिल्ह्यात दोन एकर ऊस आहे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तिथेच असायचो. आणि तरीही मला माहीत नव्हतं. म्हणून बसलो वाचायला, आणि मामाला फोन लावला.

सुरुवात आपल्या पुण्यापासूनच करू, कारण ही गोष्ट आपल्या शेजारचीच आहे. चाकण म्हटलं की आज आपल्याला गाड्यांच्या कंपन्या आणि ट्रॅफिक आठवतं. पण चाकणला कांद्याचा मोठा बाजार आहे आणि महाराष्ट्रातली आधुनिक शेतकरी चळवळ तिथेच उभी राहिली. शरद जोशी नावाचा माणूस. पोस्टाच्या सेवेतला मोठा अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये बर्नला टपाल खात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत नोकरी. ती सोडून 1970च्या दशकाच्या शेवटी भारतात परत आला आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला लागला. आपल्याकडे कुणी अमेरिकेतली नोकरी सोडून आला तर नातेवाईक काय काय बोलतात ते आठवा, आणि हे पन्नास वर्षांपूर्वीचं!

शेती केल्यावर हिशेब त्यांच्या लक्षात आला: कितीही राबा, भाव ठरवणारा दुसराच असतो. 1979 साली शेतकरी संघटना उभी राहिली. जानेवारी 1980 मध्ये वांद्रे ते चाकण असा मोर्चा निघाला, मागणी होती धड रस्त्याची. त्याच वर्षी कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला, मग नाशिककडे कांदा आणि ऊस, 1981 मध्ये निपाणीला तंबाखू. घोषणा होती, "भीक नको, हवे घामाचे दाम." त्या काळी पॉडकास्ट नव्हता, तर त्यांनी 'वारकरी' नावाचं साप्ताहिक काढलं. आपल्या धंद्यातले आद्यपुरुषच म्हणायला हवेत.

पुढे संघटना फुटल्या, पक्ष निघाले, निवडणुका झाल्या. तो सगळा इतिहास इथे सांगत बसत नाही. एवढंच लक्षात ठेवा की राजू शेट्टींची स्वाभिमानी शेतकरी संघटना याच झाडाची फांदी, आणि उसाच्या पट्ट्यात आज तिचा आवाज मोठा आहे.

आता मुद्द्यावर. ऊस हे पीक इतरांपेक्षा वेगळं का? कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीन पोत्यात भरून थांबता येतं. ऊस तोडला की घड्याळ सुरू. तो वाळतो, वजन घटतं, साखर घटते. म्हणजे तोडल्यानंतर शेतकऱ्याच्या हातात घासाघीस करायला काहीच उरत नाही. टोळी येते, ट्रॅक्टर भरतो, कारखान्याच्या काट्यावर वजन होतं, वजनाची पावती मिळते आणि मग बँक खात्याकडे डोळे लावून बसायचं.

म्हणूनच यात कायदा आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966. केंद्र सरकार दर हंगामाला एफआरपी ठरवतं, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. याच्या खाली कारखान्याला जाता येत नाही. आणि तोच आदेश सांगतो की ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. आपल्या भाषेत हा एसएलए आहे, पेनल्टीसकट.

पण दर सगळ्यांना सारखा नसतो, इथे खरी मजा आहे. तो उताऱ्यावर ठरतो. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली. 2025-26 हंगामासाठी एफआरपी आहे 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये. उतारा 0.1 टक्क्याने वाढला की 3.46 रुपये जास्त, कमी झाला की तेवढेच कमी, आणि 9.5 टक्के किंवा त्याखाली उतारा असला तरी 329.05 रुपयांच्या खाली दर जात नाही.

मामाच्या भागात उतारा चांगला असतो. समजा 11.5 टक्के. म्हणजे 10.25 च्या वर साडेबारा पायऱ्या. साडेबारा गुणिले 3.46, झाले 43.25. दर 398.25 रुपये क्विंटल, टनाला 3982 रुपये 50 पैसे. यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो. उदाहरणापुरते 900 रुपये धरू. हातात टनाला 3082 रुपये 50 पैसे. दोन एकरात 80 टन ऊस धरला तर 2 लाख 46 हजार 600 रुपये.

हे सगळं वर्षाचं, कधी आडसाली लागण असेल तर दीड वर्षाचं उत्पन्न. त्यातून आधी सोसायटीचं कर्ज वळतं होतं. कर्ज मुदतीत फिटलं तरच व्याजात सवलत. म्हणून पैसे किती मिळाले याइतकंच ते कधी मिळाले हेही महत्त्वाचं. हेच पैसे 14 दिवसांनंतर आणखी दोन महिने अडकले, तर कायद्याने व्याज होतं सुमारे 6 हजार 80 रुपये. मामाला विचारलं, "असं व्याज कधी मिळालंय का?" तो इतका वेळ हसला की मला वाटलं फोन कट झाला.

आता संघटना काय करते ते बघा. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एक जीआर काढला. त्याआधी मागच्या हंगामाचा उतारा धरून एफआरपी एकरकमी देण्याची पद्धत होती. जीआरने सांगितलं, पहिला हप्ता एका ठरावीक उताऱ्याने द्या, पुणे आणि नाशिक महसूल विभागात 10 टक्के, बाकीकडे 9.5 टक्के. उरलेले पैसे हंगाम संपल्यावर, यंदाचा खरा उतारा कळला की.

वरवर बघितलं तर यात चूक काय? यंदाच्या उसाला यंदाचा उतारा, तर्कशुद्ध वाटतं. मलाही वाटलं. मग मी वरचाच हिशेब 10 टक्क्यांनी केला, समजायला सोपं म्हणून 2025-26 च्याच दराने. दर येतो 346.35 रुपये क्विंटल, टनाला 3463 रुपये 50 पैसे. आधीच्यापेक्षा 519 रुपये कमी. 80 टनांवर 41 हजार 520 रुपये. डिसेंबरात तुटलेल्या उसाचे हे पैसे हंगाम संपून हिशेब होईपर्यंत कारखान्याकडे. बिनव्याजी. दोन एकरवाल्या माणसाने कारखान्याला दिलेलं उसनंच हे, फक्त त्याला कुणी विचारलेलं नाही.

राजू शेट्टी यावर मुंबई उच्च न्यायालयात गेले. रस्त्यावर आंदोलन चालूच होतं, पण इकडे तीन वर्षं वकील, तारखा, कागद. मार्च 2025 मध्ये न्यायालयाने तो जीआर रद्द केला. मुद्दा साधा होता: दर आणि मुदत केंद्राच्या आदेशात ठरलेली आहे, राज्याला जीआर काढून ती बदलता येत नाही. आमच्याकडे कुणी परमिशन नसताना प्रॉडक्शनमध्ये बदल केला की तो रोलबॅक होतो, तसंच काहीसं.

बातम्यांत ट्रॅक्टर अडवलेले दिसतात. याचिका दिसत नाही, कारण तिचा व्हिडिओ होत नाही.

दुसरी न दिसणारी जागा पुण्यातच आहे. शिवाजीनगरला साखर संकुल, म्हणजे साखर आयुक्तांचं कार्यालय. तुमच्यातले कितीतरी जण रोज त्याच्या जवळून जात असतील. राज्यातल्या कारखान्यांना गाळपाचा परवाना इथून मिळतो. कोणी पैसे थकवले तर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे महसुली वसुलीचं प्रमाणपत्र. मग जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करू शकतो, कारखान्याची साखर जप्त करून विकण्यापर्यंत. ऐकायला जबरदस्त. पण फाईल आपोआप हलत नाही. कोणत्या कारखान्याने किती दिले, किती थकवले याची यादी घेऊन कोणीतरी संकुलाच्या दारात बसावं लागतं. ते काम संघटनेचे कार्यकर्ते करतात.

तिसरी जागा म्हणजे ऊस दर नियंत्रण मंडळ. 2013 च्या राज्याच्या कायद्याने ते तयार झालं, मुख्य सचिव अध्यक्ष, आणि कारखान्यांबरोबर शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही. साखरेच्या उत्पन्नाचा 75 टक्के, किंवा उपपदार्थ धरले तर 70 टक्के वाटा उसाला, असं रंगराजन समितीचं सूत्र होतं, त्यावरचा हिशेब इथे व्हायचा. एफआरपीपेक्षा जास्त पैसे निघत असतील तर ते शेतकऱ्याचे. आता अशा बैठकीत ताळेबंद वाचता येणारा माणूस आपल्या बाजूने नसेल तर खुर्ची असून उपयोग काय?

आणि रस्ता? तोही लागतोच. नोव्हेंबर 2023 चं उदाहरण घ्या. मागच्या हंगामात गेलेल्या उसाला टनाला 400 रुपये आणखी द्या अशी मागणी होती. संघटनेने गाळप सुरू होताना ऊसतोड रोखली आणि 23 तारखेला कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बंगळुरू महामार्ग अडवला. त्या दिवशी तोडगा निघाला: ज्यांनी 3000 पेक्षा कमी दर दिला होता त्यांनी टनाला 100 रुपये, ज्यांनी जास्त दिला होता त्यांनी 50. मागितले 400, मिळाले 100 नाहीतर 50. याला जिंकणं म्हणायचं का, यावर मामाच्या गावात पारावर अजून वाद होतो. पण वेळ बघा. हंगामाच्या तोंडाशी कारखान्यालाही उसाची घाई असते, बॉयलर पेटलेला असतो. शेतकऱ्याच्या हातात जोर असतो तो एवढेच दिवस. म्हणून जयसिंगपूरची ऊस परिषद दिवाळीच्या आसपास भरते, मार्चमध्ये नाही. माझ्या मित्राचे चार तास गेले हे खरं आहे आणि ॲम्ब्युलन्स अडकते तेव्हा मलाही ते पटत नाही. पण वर्षात तीन-चार आठवडेच ज्याचं कोणी ऐकतं, तो हायवेवर येणार.

कारखान्यांचीही बाजू आहे, ती सांगितली नाही तर तुम्ही कमेंटमध्ये मला सोडणार नाही. ऊस चार-पाच महिन्यांत येतो, साखर वर्षभर विकली जाते. मधल्या काळात पोत्यांवर बँकेचं कर्ज काढून बिलं द्यायची. साखरेची किमान विक्री किंमत सरकारने फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये केली आणि ती वर्षानुवर्षं तिथेच राहिली. तेव्हा एफआरपी 275 होती, 2025-26 हंगामात 355 झाली. ही अडचण खोटी नाही. माझं म्हणणं इतकंच की तिचा भार दिल्लीने किंवा बँकेने उचलावा, मामाने का?

आता एक गोष्ट, जी वाचताना मी चमकलो. 14 दिवसांच्या त्या कलमात एक अट आहे: दोघांमध्ये वेगळा लेखी करार नसेल तर. म्हणजे ऊस नोंदवताना शेतकऱ्याने 'हप्त्याहप्त्याने चालेल' अशा कागदावर सही केली असेल, तर कारखाना तो कागद पुढे करू शकतो. उच्च न्यायालयाने जीआर रद्द केला तरी ही खिडकी उघडीच आहे. आपण ॲप टाकताना न वाचता 'आय ॲग्री' दाबतो ना, तसंच. फरक इतकाच की इथे पणाला फोटो गॅलरी नाही, अख्ख्या वर्षाचं उत्पन्न आहे.

मी लगेच मामाला विचारलं, "मामा, नोंदीचा फॉर्म वाचला होता का तुम्ही?"

"अरे, गट ऑफिसला गर्दी असते. तो पोरगा म्हणतो इथे सही करा, इथे करा. मागे वीस माणसं उभी. वाचत बसलो तर नोंद मागे पडेल, तोड उशिरा येईल, ऊस वाळेल. कशाला नडायचं?"

कायद्याचं सगळं बळ त्या खिडकीपाशी येऊन संपतं, असं मला तेव्हा वाटलं. एकटा माणूस तिथे नाही म्हणू शकत नाही. वीस जण मिळून म्हणू शकतात, आणि त्या वीस जणांना आधी गोळा करणं हेच गावपातळीवर संघटनेचं काम असतं. काटामारीचंही असंच. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याने नाकारू नये, ही संघटनेची जुनी मागणी. एकट्याने असं वजन करून नेलं की त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघितलं जातं. अख्ख्या गावाने नेलं तर कुणाकुणाकडे बघणार?

तुमच्या घरी ऊस असेल तर एवढं करा: नोंदीच्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा, वजनाच्या पावत्या फेकू नका, ऊस कारखान्यात पोचल्याची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि त्यापुढे चौदाव्या दिवसाचा रिमाइंडर लावा. मी मामासाठी एक साधी शीट बनवलीय, उतारा आणि टन टाकले की दर आणि व्याज काढते. हवी असेल तर मेसेज करा, देतो.

काल मामाने यंदाच्या फॉर्मचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. चार पानं, त्यातलं तिसरं हललेलं. तेवढ्यातही 'हप्त्याने' हा शब्द वाचता येतो. खाली विचारलंय, "हे खोडून सही केली तर चालतं का?" मला माहीत नाही, म्हणून संघटनेच्या तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याला तिसऱ्या पानाचा नीट फोटो पाठवायचं ठरलंय. उत्तर आलं की पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगतो. विषय आहे दूध: फॅट, एसएनएफ आणि सकाळी सहाला डेअरीत होणारी भांडणं.